तिरक्या मानेचे फोटो

डॉ. सुमेधा : नाही, डोळे इतक्यात उघडायचे नाहीत. मिटलेलेच ठेव. आता असं समज, की तुझ्या तळहातावर एक छोटं लिंबू आहे. गोल, गुळगुळीत. त्या लिंबाला सहा दोऱ्या बांधल्यात. आलं समोर?

रंजिता : आलं. पण डॉक्टर, पेशंट मी नाही. पेशंट पप्पा आहे.

डॉ. सुमेधा : ठाऊक आहे. पण तुझे पप्पा घाबरलेत. घाबरलेल्या माणसाला काही समजवायला गेलं, की ते कानाच्या दारातूनच परत फिरतं. म्हणून मी तुला सांगते. तू ऐक, शेजारी बसून तेही ऐकतील.

शिवा : मी कुठं घाबरलोय, मॅडम. थोडं टेन्शन हाय, बस.

रंजिता : सकाळी उजवी चप्पल डाव्या पायात घालून रिक्षात बसला. शिरवण्यापासून वाशीपर्यंत तसाच आला.

शिवा : रंजे, सगळंच सांगायला पाहिजे काय?

डॉ. सुमेधा : सांगू दे. मला असाच मदतनीस लागतो. हं, रंजिता, लिंबू कुठे आहे?

रंजिता : हातावरच आहे.

डॉ. सुमेधा : एक दोरी ओढली की लिंबू वर बघतं. एक ओढली की खाली. एक नाकाकडे, एक कानाकडे. उरलेल्या दोन तिरक्या. त्या लिंबाला जरा गोल फिरवतात, गाडीचं स्टिअरिंग थोडंसं फिरवावं तसं. ते लिंबू म्हणजे डोळा आणि दोऱ्या म्हणजे स्नायू. एका डोळ्याला सहा. दोन्हींच्या मिळून?

रंजिता : बारा.

डॉ. सुमेधा : बाराही जणांनी एका वेळी, एका मापात ओढलं, तर दोन्ही डोळे एकाच जागी बघतात. मग डोळे दोन असूनही पप्पा एकच दिसतो.

रंजिता : एकच पुरे आहे.

डॉ. सुमेधा : आणि समज, बारातली एकच दोरी ढिली पडली, तर?

रंजिता : एक डोळा इथे बघेल, दुसरा थोडा तिथे. मग... दोन पप्पा दिसतील.

डॉ. सुमेधा : उघड डोळे. शाबास. आता शिवाभाऊ, तुमची पाळी. काय झालं ते पहिल्यापासून सांगा.

शिवा : मी क्रेनवर आहे, मॅडम. इथल्या एमआयडीसीत, पाइपच्या कंपनीत. शेडच्या छताखाली क्रेन, वर केबिन, त्यात मी. सोळा वर्षं झाली. गणपतीनंतर मला ताप आला, चांगला दहा दिवस टिकला. उठलो, कामावर गेलो. केबिनमधून खाली बघतो तर हूक दोन. एकावर एक. मला वाटलं, अशक्तपणा असेल. मी खालच्या हुकाच्या अंदाजानं माल सोडायला घेतला, तर खालून पोरगा ओरडला, शिवादा, कुठं सोडतोस.

डॉ. सुमेधा : कुणाला लागलं नाही ना?

शिवा : देवाची कृपा. मी लगेच हात वर केला आणि खाली उतरलो. सेफ्टीवाल्या साहेबांना सांगितलं, मला दोन दिसतंय. ते बोलले, डॉक्टरचं पत्र आणल्याशिवाय शिडी चढायची नाही. त्यांचं बरोबर हाय. आज बारावा दिवस.

डॉ. सुमेधा : आणि भीती कसली वाटते? काम जाण्याची?

शिवा : काम तर हायेच.

रंजिता : वामनकाकाला पण दोन दिसायचं.

शिवा : रंजे.

डॉ. सुमेधा : वामन कोण?

शिवा : माझा मोठा भाऊ. आठ वर्षं झाली. त्याचं पण असंच चालू झालं, मॅडम. पहिलं दोन दिसायला लागलं, मग डोकं दुखायला लागलं, मग स्कॅन काढला. मेंदूत गाठ. स्कॅनच्या दिवसापासून सात महिने. म्हणून आज चार वाजता स्कॅन बोलल्यावर मला चप्पल पण धड घालता आली नाय. आये सकाळपासून देवासमोर बसलीय, जेवली पण नाय.

डॉ. सुमेधा : सांगितलंत ते बरं केलंत. आता ऐका. दोन दिसण्याला शंभर कारणं असतात. त्यात गाठ हे एक. चार वाजायला अजून दोन तास आहेत, तोवर आपण तिघं मिळून शोधू, की ढिली दोरी कुठली आणि ती कधी ढिली झाली. सगळं या "कधी"वर आहे. गेल्या महिन्यात ढिली झाली असेल, तर ती कुणी ढिली केली हे बघायला स्कॅन हवाच. पण ती तुमच्या जन्मापासूनच ढिली असेल, तर त्यात नवीन काही नाही. फक्त तुम्ही आज दमलात एवढंच.

रंजिता : मी काय करू?

डॉ. सुमेधा : हे पेन पप्पांच्या समोर धर. हात लांब. शिवाभाऊ, किती पेनं?

शिवा : दोन. एक वर, एक खाली.

डॉ. सुमेधा : उजवा डोळा झाका. आता?

शिवा : एक.

डॉ. सुमेधा : तो उघडा, डावा झाका.

शिवा : एकच.

डॉ. सुमेधा : रंजिता, यावरून काय कळलं?

रंजिता : दोन्ही डोळे चांगले आहेत. दोघं एकत्र आले की भांडतात.

डॉ. सुमेधा : हे मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते तेव्हा त्यांना एक आठवडा लागतो. चल, पेन हळूच खाली ने. आता त्यांच्या उजव्या हाताकडे.

शिवा : आता लांब लांब झाली दोन्ही. खाली बघतो तेव्हा जास्त.

डॉ. सुमेधा : क्रेनच्या केबिनमधून बघता तसं. म्हणून तिथे सापडलं. आता पेन मधे. शिवाभाऊ, मान डाव्या खांद्याकडे झुकवा.

शिवा : बाप रे. दोन पेनांच्या मधून हात जाईल.

डॉ. सुमेधा : आता उजव्या खांद्याकडे. हळू.

शिवा : एक.

डॉ. सुमेधा : नीट बघून सांगा.

शिवा : एकच हाय, मॅडम. दोन्ही डोळे उघडे हायत ना माझे? रंजे, बघ.

रंजिता : उघडे आहेत, पप्पा. पण तू नेहमी असाच तर बसतोस. टीव्ही बघताना, जेवताना. आजी रोज ओरडते, मान सरळ ठेव.

डॉ. सुमेधा : नेहमी म्हणजे कधीपासून गं?

रंजिता : मला आठवतं तेव्हापासून.

शिवा : पोरीचं काय ऐकता. शाळेत गृहपाठ कधी दिला विचारलं तरी नेहमीच बोलते.

डॉ. सुमेधा : ऐकते तर आहेच, पण पुरावा हवा. हे बघा, डाव्या डोळ्याची एक तिरकी दोरी कमजोर आहे, एवढं नक्की. मान उजवीकडे झुकवली, की त्या दोरीला काम करावं लागत नाही, म्हणून एक दिसतं. आणि गंमत सांगू? बाकी पाच दोऱ्या डोळ्याला सरळ येऊन मिळतात. ही एकच आधी एका छोट्या कप्पीवरून जाते आणि मग वळून डोळ्यापाशी येते.

शिवा : कप्पी म्हणजे पुली? डोळ्यात पुली हाय?

डॉ. सुमेधा : हो. नाकाच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात. हाडाला लागून.

शिवा : आणि मी सोळा वर्षं बाहेरच्या पुलीला ग्रीस लावतोय.

रंजिता : पप्पा हसला. बारा दिवसांनी हसला.

डॉ. सुमेधा : आता पुरावा. फोनवर सांगितलं होतं, जुने फोटो घेऊन या म्हणून. आणलेत?

शिवा : आणलेत ना. आयेनं स्वतः निवडून दिलेत. हा लग्नाचा अल्बम. हा शाळेतला. हा आयटीआयला गेलो तेव्हाचा. हा रंजीच्या बारशाचा.

डॉ. सुमेधा : बघू. हं. लग्नात मान सरळ. इथेही सरळ. आयटीआयच्या फोटोत अगदी पट्टी लावल्यासारखी. बारशातही सरळ.

शिवा : फोटो चांगले हायत, मॅडम. आयेनं एकही खराब दिला नाय.

डॉ. सुमेधा : फोटो फारच चांगले आहेत. तोच त्रास आहे. एकातही मान झुकलेली नाही. म्हणजे तेव्हा तुम्हाला ती झुकवायची गरज नव्हती. तसं असेल तर दोरी हल्लीच ढिली झाली.

शिवा : म्हणजे स्कॅन.

डॉ. सुमेधा : म्हणजे स्कॅन. स्कॅन आपला वैरी नाही, शिवाभाऊ.

शिवा : नाय, बरोबर हाय. रंजे, पिशवी घे. आपण तिकडंच जाऊन बसू. उशीर नको.

रंजिता : थांब ना, पप्पा. डॉक्टर, हे सगळे फोटो नामदेवमामांनी काढलेत.

डॉ. सुमेधा : नामदेवमामा कोण?

रंजिता : आमच्या इथले फोटोवाले. गावात कुणाचंही लग्न, बारसं, शाळेचं ओळखपत्र, तेच. तुम्ही जरा समोर बघा. हलू नका. ते असं येतात, दोन बोटं हनुवटीखाली लावतात, अशी, आणि म्हणतात, मान सरळ, खांदा खाली, श्वास रोखायचा. मग पळत कॅमेऱ्याकडे जातात. माझ्याही शाळेच्या फोटोला केलं.

डॉ. सुमेधा : तुझी बोटं गार आहेत. म्हणजे या सगळ्या फोटोंत मान पप्पांची, पण सरळ केली नामदेवमामांनी?

शिवा : हो, ते करतात तसं. एक मिनिट, मॅडम. एक येडी गोष्ट हाय. सांगू का?

डॉ. सुमेधा : येड्या गोष्टीच सांगा.

शिवा : लहानपणी मला वाटायचं, फोटोवाल्याकडे दोन कॅमेरे असतात. एकावर एक ठेवलेले. नामदेवमामांनी मान धरली, की मला दोन कॅमेरे दिसायचे. ते सोडून गेले, की एक. मला वाटायचं, फोटो काढताना सगळ्यांनाच असं दिसतं.

रंजिता : मला नाही दिसत. मला एकच दिसतो.

शिवा : मी कधी कुणाला विचारलंच नाय. आता तू बोललीस म्हणून आठवलं.

डॉ. सुमेधा : शिवाभाऊ, किती वर्षांचे होता तेव्हा?

शिवा : पाचवीत असेन.

डॉ. सुमेधा : तुम्ही आज इथे आल्यापासून बोललेलं सगळ्यात मोलाचं वाक्य हे. पण आठवण माणसाच्या बाजूने बोलते. घाबरलेल्या माणसाची तर जास्तच. फोटो कुणाच्या बाजूने बोलत नाही. मला असा फोटो द्या, जो काढताना तुमची मान सरळ करायला कुणी नव्हतं. वीसएक वर्षांपूर्वीचा.

शिवा : नसणार. वाकडा आलेला फोटो आये घरात ठेवतच नाय. ती बोलते, लोक काय बोलतील, पोराच्या मानेत दोष हाय. फाडून टाकते. आणि फोनमधले सगळे मीच काढतो, मी कुठं असतो त्यात.

रंजिता : एका ठिकाणी असतील.

शिवा : कुठं?

रंजिता : वामनकाकाच्या पेटीत.

शिवा : ती पेटी नको.

रंजिता : पप्पा, त्याच्या क्रिकेटचे सगळे फोटो त्यात आहेत. टीमच्या मुलांनी काढलेले. तिथे नामदेवमामा नव्हते. आणि तू त्याच्या मागे मागे असायचास, आजीच सांगते.

शिवा : रंजे, आठ वर्षं तिनं ती पेटी उघडली नाय. चावी कमरेला असते. आज मी इथं स्कॅनला बसलोय आणि तिला सांगू, वामनची पेटी उघड?

डॉ. सुमेधा : मी आग्रह नाही करणार. फोटो नाहीच मिळाला, तरी स्कॅन आहे.

रंजिता : तू नको सांगूस. मी सांगते. फोन दे.

(फोन टेबलावर ठेवला आहे, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा.)

मालतीबाई : हॅलो. शिवा? काय बोलली डॉक्टरीन? खरा सांग, लपवू नको.

रंजिता : आजी, मी बोलतेय. अजून काही बोलल्या नाहीत. आजी, वामनकाकाची पेटी उघड.

मालतीबाई : कसली पेटी? तू तिथं काय करतंस, तुझ्या बापाला दे फोन.

रंजिता : पप्पा इथेच आहे. आजी, पप्पाची मान वाकडी असते ना, ती कधीपासून, एवढंच डॉक्टरांना बघायचंय. जुनी असेल तर ते चांगलं आहे.

मालतीबाई : वाकरी मान चांगली? अगं, मी जनमभर त्याला सरल कर, सरल कर बोलून घसा फोरला.

डॉ. सुमेधा : आजी, नमस्कार. मी डॉक्टर सुमेधा. तुमची नात बरोबर सांगतेय. आज तुमच्याकडचा वाकडा फोटो माझ्या कामाचा आहे. सरळ नको.

मालतीबाई : वाकरं मी सगलं फारलं, बाई. काय सांगू तुमाला.

रंजिता : पेटीतले नाही फाडलेस. त्यांना तू हात लावला नाहीस.

मालतीबाई : ती पेटी मी उघरत नाय, रंजे. तुला म्हाईत हाय.

रंजिता : माहीत आहे. पण आजी, वामनकाका आज असता आणि त्याला सांगितलं असतं, की शिवासाठी तुझी पेटी उघडायचीय, तर तो काय म्हणाला असता?

शिवा : रंजे, बस कर.

मालतीबाई : बोलू दे तिला. ...वामन कुलूप फोरून मोकला झाला असता. त्याला चावी शोधायचा धीर कवा होता. थांब. दिपेश हाय इथं, त्याच्या हातात फोन देते. दिपेश, धर रं. ती वरची गोधरी काढ.

रंजिता : दिपेशकाका शेजारचा आहे, पप्पाचा चुलतभाऊ. त्याच्या फोनमधून फोटो पाठवेल.

डॉ. सुमेधा : कळलं. शिवाभाऊ, पाणी घ्या.

शिवा : कुलपाचा आवाज आला.

मालतीबाई : उघरली. त्याचे बूट हायत. टोपी हाय. फोटो खाली हायत... यो बघ. यो वामन कप घेऊन उभा हाय. काय हसतोय बघ, जसा काय मोठा साहेब.

रंजिता : आजी, मागे कोण आहे?

मालतीबाई : मागं सगली पोरं. आनि ह्या कोपऱ्यात... हाय. शिवा हाय. मिशी पन नाय फुटलेली. मागं बोर्डावर लिवलाय काय तरी, दिपेश, वाच.

शिवा : दोन हजार तीन असेल, आये. पहिला कप. मी पंधराचा होतो.

मालतीबाई : हां, तोच आकडा बोलतो दिपेश.

रंजिता : आणि पप्पाची मान?

मालतीबाई : मान कशी असनार, वाकरी. नेमीसारखी. पार डाव्या अंगाला परलीय.

डॉ. सुमेधा : डाव्या?

मालतीबाई : हां, बाई. डाव्या.

डॉ. सुमेधा : हं.

शिवा : काय झालं, मॅडम? वाकडी हाय ना? तुम्हाला वाकडीच पाहिजे होती.

डॉ. सुमेधा : उजवीकडे हवी होती. कमजोर दोरी डाव्या डोळ्याची. तिला आराम द्यायला मान उजव्या खांद्याकडे जाते. डावीकडे जात असेल, तर त्या फोटोचा आणि आजच्या दोन दिसण्याचा काही संबंध नाही. माझं गणित चुकलं, असं म्हणायचं.

शिवा : म्हणजे परत तिथंच.

रंजिता : थांबा. थांबा ना जरा. डॉक्टर, तुम्ही माझ्या समोर बसलाय. तुमचा उजवा हात वर करा.

डॉ. सुमेधा : हा घे.

रंजिता : हा माझ्या डावीकडे आहे. फोटोतला माणूस पण आपल्याकडे तोंड करून असतो. आजीला जे डावं दिसतंय, ते पप्पाचं उजवं असेल. आजी!

मालतीबाई : अगं, बहिरी नाय मी.

रंजिता : पप्पाच्या हातात घड्याळ आहे का फोटोत?

मालतीबाई : हाय की. वामननंच दिलेला, त्याचा जुना.

रंजिता : मान ज्या बाजूला पडलीय, घड्याळ त्याच बाजूच्या हातात आहे की दुसऱ्या?

मालतीबाई : थांब, चष्मा लावते... दुसऱ्या. मान इकरं, घड्याळ तिकरं.

रंजिता : पप्पा, तू घड्याळ कुठल्या हातात घालतोस?

शिवा : डाव्या. कायम डाव्या. उजव्यात असलं की लिव्हरला अडकतं.

रंजिता : तेव्हा क्रेन नव्हती.

शिवा : तेव्हा पण डाव्यातच. वामननं स्वतः बांधलं होतं, डाव्यात. मला आठवतंय.

रंजिता : मग घड्याळ डावीकडे आणि मान दुसरीकडे. उजवीकडे. डॉक्टर, तुमचं गणित बरोबर आहे. आजीचं पण चुकलं नाही, ती फक्त बाहेरून बघत होती.

डॉ. सुमेधा : माझे केस पांढरे झाले आणि मी एका फोटोच्या डाव्या-उजव्यात फसले. दिपेशला सांग, आता पाठव. माझ्या डोळ्यांनी बघू दे.

शिवा : आला. हा बघा, मॅडम.

डॉ. सुमेधा : वा. याहून चांगला नमुना पुस्तकात मिळणार नाही. उजवा खांदा, उजवा कान, जवळजवळ टेकलेत. आणखी काही?

मालतीबाई : अजून एक हाय, बाई. लय जुना. वामनच्या सायकलच्या दांड्यावर शिवा बसलाय. तीन वर्साचा असेल. उघरं नागरं कारटं, पन मान बघा, तशीच.

शिवा : आये, ते कशाला सांगतेस.

रंजिता : दिपेशकाकाने तो पण पाठवला. पप्पा, तू किती गोल होतास.

डॉ. सुमेधा : तीन वर्षांचा. तीच बाजू, तोच झोक. शिवाभाऊ, ही दोरी जन्मापासून ढिली आहे. अडतीस वर्षं तुमचा मेंदू आणि तुमची मान, दोघं मिळून कुणाला न सांगता तिचं काम करत होते. मग ताप आला, अंग थकलं, सांभाळणारे दमले आणि दोन दिसायला लागलं. तुमच्या भावाचा आजार वेगळा होता. हा तो नाही.

शिवा : नक्की?

डॉ. सुमेधा : एक शेवटची परीक्षा आहे. ती झाली की नक्की. मान सरळ करा. अगदी नामदेवमामा करतात तशी. किती पेनं?

शिवा : दोन.

डॉ. सुमेधा : रंजिता, त्या खोक्यातली ती तिरकी काच दे. शाळेत लोलक शिकलीस ना, त्यातलाच प्रकार. शिवाभाऊ, ही तुमच्या डाव्या डोळ्यासमोर धरते. नवी ढिली झालेली दोरी असेल, तर मेंदूला एवढं जास्तीचं सांभाळता येत नाही. जुनी असेल, तर त्याला या कसरतीची सवय असते. ही पहिली काच. आता?

शिवा : जवळ आली. अजून दोनच.

डॉ. सुमेधा : ही जरा जाड.

शिवा : ...एक.

डॉ. सुमेधा : अजून जाड घेते. दोरी नवी ढिली झालेली असेल, तर आता परत दोन दिसायला हवीत.

शिवा : नाय. एकच हाय.

डॉ. सुमेधा : अजून एक.

शिवा : एक. मॅडम, मान सरळ हाय माझी आणि एकच दिसतंय. रंजे, तू एकच हायस.

रंजिता : मी पहिल्यापासून एकच आहे, पप्पा.

मालतीबाई : काय झाला? कोन रडतोय? रंजे, बोल ना, माझा जीव गेला इथं.

रंजिता : कुणी रडत नाही, आजी. पप्पाचं नाक वाहतंय. गाठ नाही, आजी. पप्पाला काही नवीन झालंच नाही. जुनंच आहे, सायकलच्या दांड्यावरचं.

मालतीबाई : ...बाई, खरा बोलते काय ती?

डॉ. सुमेधा : अगदी खरं. आजची स्कॅनची वेळ मी दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकते. अशी काच घालून चष्मा करून देऊ. आठवड्याने परत या. चष्म्यातून वर, खाली, सगळीकडे एकच दिसलं, की कंपनीला पत्र मी माझ्या हाताने लिहीन. तोवर शिडी नाही. कळलं ना?

शिवा : नाय चढत, मॅडम. शप्पथ.

डॉ. सुमेधा : पुढे कधी चष्म्याने भागलं नाही, तर दोरी ताणायचं छोटं ऑपरेशन असतं. ते तेव्हाचं तेव्हा.

मालतीबाई : आनि मी पोराला आडतीस वर्सं बोलत राहिली, मान सरल कर. त्याला दोन दोन दिसत असतील आनि मी हनुवटीला धरून...

डॉ. सुमेधा : तुम्हाला कसं कळणार होतं? त्यालाही कळलं नाही. त्याला वाटायचं फोटोवाल्याकडे दोन कॅमेरे असतात.

मालतीबाई : वामनला कळला होता. डोल्याचा नाय, पन कळला होता. नामदेव कप घेतलेल्या पोरांचा फोटो काढायला आलता, याची मान धरायला निघाला. वामननं त्याला आधीच बाजूला घेतला, शिवाला ऐकू जानार नाय असा. बोलला, मामा, त्याची मान हाय तशी राहू दे, नायतर कॅमेरा इकरं द्या, आमचा आमी काढतो. आनि काढला आपसात. यो तोच फोटो हाय, माझ्या हातात.

शिवा : मला हे माहीतच नव्हतं, आये.

मालतीबाई : तुला कशाला सांगतोय तो. शिवा, ऐक. येताना मासलीबाजारातून कोलंबी आन. मी आता जेवते. तुझ्याबरोबर जेवते. आनि रंजेला सांग, ही पेटी मी बंद नाय केली. ती आल्यावर बघेल.

रंजिता : ऐकलं मी, आजी. ठेवू नको फोन, एक मिनिट. डॉक्टर, इथे उजेड चांगला आहे ना?

डॉ. सुमेधा : चांगला आहे. का गं?

शिवा : काय करतेस? थांब, शर्ट नीट करू दे. हां, घे. बघ, मान सरळ आहे ना?

रंजिता : नको, पप्पा. सरळ नको करू. तुला एक दिसतं तशीच ठेव. हां, अशीच... काढला. आजी, हा पेटीत ठेवायचाय.